उपचार आहे, पण पोहोचत नाही: कॅन्सरमधली विषमता आणि विद्यापीठ-वस्ती भागीदारी

२०२५ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधनाच्या बातम्यांनी बराच गोंधळ उडवून दिला. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं, म्हणजे एनआयएचनं, चालू असलेली शेकडो अनुदानं मध्येच बंद केली. त्यांतली बरीचशी आरोग्यातल्या विषमतेवर काम करणाऱ्या प्रकल्पांची होती. प्रकरण कोर्टात गेलं. जूनमध्ये एका संघीय न्यायाधीशानं ही कारवाई बेकायदा ठरवली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्या निकालाचा मोठा भाग स्थगित केला.

बंद पडलेल्या प्रकल्पांच्या वर्णनांत एक गोष्ट सारखी दिसत होती: विद्यापीठ आणि स्थानिक लोक यांची भागीदारी. वाचणाऱ्याला कोडं पडतं ते इथेच. कॅन्सरचं संशोधन म्हटलं की डोळ्यांसमोर येतात सूक्ष्मदर्शक, औषधांच्या चाचण्या, जनुकांचे नकाशे. त्यात चर्चमधल्या बैठका, घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्या आणि रुग्णाचं गाडीभाडं कुठून आलं? हे संशोधन आहे की समाजसेवा? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र थोडं मागून सुरू करावं लागतं.

## सगळाच फरक अन्यायाचा नसतो

म्हाताऱ्या माणसांना तरुणांपेक्षा कॅन्सर जास्त होतो. गोऱ्या कातडीच्या लोकांना मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर जास्त होतो. हे फरक आहेत, पण यांना कुणी अन्याय म्हणत नाही. जो फरक टाळता आला असता आणि तरी टाळला गेला नाही, त्याला विषमता म्हणतात.

अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनांचा कॅन्सर गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी प्रमाणात होतो. त्यानं मृत्यू होण्याचं प्रमाण मात्र त्यांच्यात ३८ टक्क्यांच्या आसपास जास्त आहे. रोग कमी आणि मरण जास्त, म्हणजे मधे कुठेतरी काहीतरी बिनसतंय. ही गोष्ट केवळ वर्णाची नाही. केंटकी राज्यातल्या ॲपलेशियन डोंगराळ भागात वस्ती बहुतांशी गोऱ्यांचीच आहे, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं तिथलं प्रमाण देशातल्या सर्वांत वाईट आकड्यांमध्ये मोडतं.

जगाचा हिशेब मांडायचा तर गर्भाशयमुखाचा कॅन्सर घ्या. त्याची लस आहे. कॅन्सर होण्याच्या कित्येक वर्षं आधी धोका दाखवणारी तपासणी आहे, लवकर सापडल्यास उपचारही आहे. तरी २०२२ साली जगात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया त्यानं दगावल्या, आणि त्यांतल्या ९४ टक्के गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. इथे विज्ञानानं आपलं काम कधीच करून ठेवलंय.

## कालवा आणि टेलचं शेत

धरण भरलेलं असतं, पाणी सोडलेलंही असतं, पण कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, असलेल्या शेतात ते पोहोचत नाही. धरणावरचा इंजिनिअर किती पाणी सोडलं ते अचूक सांगतो. पाणी नेमकं कुठे मुरतं, कुठली मोरी तुंबली आहे आणि कुणी मधेच फोडलं आहे, हे त्याच्या नोंदवहीत नसतं. ते टेलच्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. विद्यापीठ हे धरणाच्या बाजूला बसलेलं असतं, आणि ज्यांच्यापर्यंत उपचार पोहोचत नाही ते लोक टेलला. भागीदारीची सगळी कल्पना एवढीच आहे की दोघांनी मिळून कालवा चालत जायचा.

हा कालवा कॅन्सरच्या बाबतीत बराच लांब आहे. तपासणीबद्दल कळणं, तपासणीला जाणं, अहवाल हातात पडणं, शंका असल्यास पुढची तपासणी, उपचार सुरू होणं आणि उपचार पूर्ण होणं, असे मोटामोटी सहा टप्पे धरू. प्रत्येक टप्प्यावर शंभरातले ९५ लोक टिकले, तर शेवटपर्यंत साधारण ७३ पोहोचतात. दुसऱ्या गटात प्रत्येक टप्प्यावर ९० टिकले, तर शेवटी उरतात ५३. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण त्यातला हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. कुठल्याही एका टप्प्यावर फरक फक्त पाचाचा होता. त्या टप्प्यावर काम करणाऱ्या डॉक्टरला तो जाणवणारही नाही, आणि आपण कुणाशी दुजाभाव करतो असं त्याला मुळीच वाटणार नाही. शेवटी मात्र वीस माणसांची तफावत पडते.

म्हणून ‘अमुक एकानं भेदभाव केला’ असं बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. गळती सगळ्या वाटेवर पसरलेली असते.

## हार्लेममध्ये काय घडलं

या विचाराची सुरुवात कुठून झाली असं विचारलं तर बहुतेक जण न्यूयॉर्कच्या हार्लेम भागाचं नाव घेतात. हॅरल्ड फ्रीमन हे सर्जन १९६७ साली हार्लेम हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. गाठी इतक्या वाढलेल्या स्त्रिया त्यांच्याकडे येत की शस्त्रक्रियेनं फारसं काही साधत नसे. १९६४ ते १९८६ या काळात तिथे स्तनांच्या कॅन्सरवर उपचार घेतलेल्या ६०६ रुग्णांचा हिशेब त्यांनी मांडला. जवळजवळ निम्म्या रुग्णांचा रोग तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेत सापडला होता, आणि पाच वर्षांनंतर हयात होते ३९ टक्के. निम्म्या रुग्णांकडे विमाही नव्हता.

फ्रीमननी दोन गोष्टी केल्या. आधी मोफत तपासणी सुरू केली. पण तपासणीत काही सापडलं तरी पुढे बायका परत येत नाहीत, हे लक्षात आल्यावर १९९० मध्ये दुसरी गोष्ट सुरू झाली. तिला ‘पेशंट नॅव्हिगेशन’ म्हणतात, म्हणजे रुग्णाला वाटाड्या देणं. हा वाटाड्या डॉक्टर नसतो. तो रुग्णाच्या बरोबरीनं विम्याचे कागद भरतो, तारखा मिळवतो, डॉक्टरचं बोलणं पुन्हा समजावून सांगतो, मुलांना कोण सांभाळणार याची सोय बघतो आणि रुग्ण आला नाही तर फोन करतो. हार्लेममध्ये हे काम त्याच समाजातल्या माणसांनी केलं.

१९९५ ते २००० या काळातल्या ३२५ रुग्णांमध्ये उशिराच्या अवस्थेत सापडलेले २१ टक्क्यांवर आले आणि पाच वर्षांनंतर हयात असलेले ७० टक्के झाले. हा आकडा आजही सगळीकडे उद्धृत होतो. त्यातली एक गोम पुढे सांगतो.

## ग्रीन्सबरो: ‘चूक रुग्णाची’ म्हणणं थांबवलं तेव्हा

हार्लेमच्या प्रयोगात कल्पना एका डॉक्टरची होती. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो शहरात पुढचं पाऊल पडलं, आणि मला स्वतःला हे उदाहरण सर्वांत शिकवणारं वाटतं.

२००३ च्या सुमारास तिथे स्थानिक कार्यकर्ते, रुग्णालयातली माणसं आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे संशोधक यांचा एक गट तयार झाला. कार्यकर्ते नागरी हक्कांच्या चळवळीतले होते, संस्थांमधला वर्णभेद ओळखण्याच्या कार्यशाळा चालवणारे. संशोधकांना तोपर्यंत सवय होती ती एका ठराविक प्रश्नाची: कृष्णवर्णीय रुग्ण उपचार मधेच का सोडतात? त्यांना माहिती कमी आहे का, भीती वाटते का, त्यांचा विश्वास नाही का? कार्यकर्त्यांनी प्रश्नच उलटा केला. रुग्ण वाटेतून गळतो तेव्हा रुग्णालयात कुणाच्या तरी लक्षात येतं का, आणि त्याचा जाब कोण देतं?

चळवळीतल्या दोन जुन्या मागण्या, कारभार उघड हवा आणि कुणीतरी उत्तरदायी हवं, या प्रश्नातून थेट रुग्णालयाच्या संगणकात उतरल्या. पुढे पिट्सबर्ग विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्रही यात आलं आणि ‘ॲक्युअर’ नावाचा अभ्यास उभा राहिला. त्यात रुग्णाची एखादी तारीख चुकली किंवा ठरलेल्या मुदतीत उपचाराचा पुढचा टप्पा झाला नाही, की संगणक इशारा देई. खास प्रशिक्षण घेतलेली नर्स लगेच त्या रुग्णाशी संपर्क साधे. शिवाय कुठल्या वर्णाच्या किती रुग्णांचे उपचार पूर्ण झाले, हा हिशेब डॉक्टरांच्या चमूसमोर नियमितपणे ठेवला जाई. आपल्या कामातली तफावत स्वतःच्या डोळ्यांनी बघणं कुणालाच आवडत नाही, आणि नेमका त्याचाच उपयोग झाला.

स्तनांच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांमध्ये आधी उपचार पूर्ण करणारे कृष्णवर्णीय होते ७९.८ टक्के, गोरे ८७.३ टक्के. नव्या व्यवस्थेत कृष्णवर्णीय ८८.४ टक्क्यांवर गेले आणि गोरे ८९.५ टक्क्यांवर. म्हणजे दरी जवळपास बुजली, आणि ज्यांच्यासाठी व्यवस्था खास उभारली नव्हती त्यांचाही थोडा फायदाच झाला. ‘एका गटासाठी केलं की दुसऱ्याच्या ताटातलं जातं’ असं म्हणणाऱ्यांनी हे चार आकडे जरूर बघावेत.

नवं औषध यात एकही नव्हतं.

## पण लोक विद्यापीठावर विश्वास का ठेवतील?

न ठेवण्याला कारणं आहेत, आणि ती अफवांमधून आलेली नाहीत.

अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन हा खात्रीचा इलाज १९४० च्या दशकात आला, तरी तो त्यांना दिला नाही. उपचार न केल्यास रोग कसा वाढतो ते बघायचं होतं. वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावर १९७२ मध्ये हे थांबलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ साली.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स ही ३१ वर्षांची स्त्री गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं वारली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि ‘हेला’ या नावानं जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या गेल्या. या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, तेव्हा त्या विषाणूचा एक प्रकार हेला पेशींमध्येही सापडला. त्या शोधासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. लॅक्स कुटुंबाला मात्र या पेशींबद्दल विसाएक वर्षं काही माहीतच नव्हतं. त्या पेशींच्या जनुकांची माहिती कुणाला द्यायची हे ठरवताना कुटुंबाचं म्हणणं विचारात घेण्याची पद्धत एनआयएचनं घालून दिली ती २०१३ मध्ये.

तिसरं उदाहरण कॅन्सरचं नाही, पण विद्यापीठाचं आहे. ॲरिझोनातल्या हवासुपाई आदिवासींनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत ते नमुने भलत्याच विषयांसाठी वापरले गेले, त्यांत स्किझोफ्रेनिया होता आणि त्यांचे पूर्वज कुठून आले हाही विषय होता. २०१० मध्ये तडजोड झाली, भरपाई मिळाली, नमुने परत आले.

या पार्श्वभूमीवर कुणी पांढरा कोट घालून ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणत रक्त मागितलं, तर दाराआडून नकार येणं हे अडाणीपणाचं लक्षण मानता येणार नाही. आज टस्कीगी विद्यापीठ, अटलांटाचं मोरहाउस वैद्यकीय महाविद्यालय आणि अलाबामा विद्यापीठाचं कॅन्सर केंद्र मिळून कॅन्सर विषमतेवर काम करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं मोठी कॅन्सर केंद्रं आणि वंचित समाजांची विद्यापीठं यांच्या जोड्या लावण्याची योजना २००१ मध्ये सुरू केली, त्यातलीच ही एक जोडी आहे.

## खरी भागीदारी कशी ओळखायची?

इथे जरा सडेतोड बोलायला हवं, कारण ‘सहभाग’ या नावाखाली बरंच काही खपतं. अर्ज लिहून झाल्यावर एखाद्या स्थानिक संस्थेचं पाठिंब्याचं पत्र जोडायचं, वर्षातून दोनदा सल्लागार मंडळाला चहापाण्याला बोलवायचं, आणि अहवालात ‘समाजाच्या सहभागातून’ असं लिहून मोकळं व्हायचं. हे सर्रास चालतं.

मला विचाराल तर मी आधी अंदाजपत्रक बघेन. स्थानिक संस्थेच्या वाट्याला किती पैसे आहेत आणि ते खर्च करण्याचा अधिकार कुणाला आहे? मग विचारेन, संशोधनाचा प्रश्न कुणी ठरवला? तिसरी गोष्ट, जमवलेली माहिती आणि नमुने कुणाच्या ताब्यात राहणार, आणि निष्कर्ष छापून येण्याआधी लोकांना कळणार का? या प्रश्नांची उत्तरं एकाच बाजूला झुकलेली असतील, तर ती भागीदारी नव्हे, ती नमुने गोळा करण्याची सोय आहे.

२०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं मानांकित कॅन्सर केंद्रांना आपण नेमक्या कुठल्या भूभागातल्या लोकांना बांधील आहोत ते जाहीर करायला आणि तिथे लोकांबरोबर केलेल्या कामाचा हिशेब द्यायला लावलं. नियमानं मनं बदलत नाहीत, पण हिशेब मागितला की कारभार बदलतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या केंद्रात २०१४ साली औषधांच्या चाचण्यांत कृष्णवर्णीय रुग्ण १२ टक्के होते. समाजातल्या संस्थांबरोबर पाच वर्षं काम केल्यावर, ज्यात रुग्णांच्या येण्याजाण्याची सोयही होती, २०१८ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांपर्यंत गेलं.

## ‘लोकांना कॅन्सरमधलं काय कळतं?’

पेशीबद्दल कळत नसेल, पण पेशी घेऊन येणाऱ्या माणसाबद्दल कळतं.

अर्जेंटिनातल्या हुहुय प्रांतात गर्भाशयमुखाच्या तपासणीला बायका येत नव्हत्या. घरचं काम, दवाखान्याचं अंतर, परक्या माणसासमोर तपासून घेण्याचा संकोच, ही कारणं कुठल्याही बाईला विचारली असती तर तिनं सांगितली असती. तिथे घरोघर जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांनी बायकांना स्वतःच नमुना घेण्याचं साधन दिलं आणि काय करायचं ते समजावलं. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या भागात हा पर्याय दिला तिथे ८६ टक्के स्त्रियांची तपासणी झाली, जिथे नेहमीप्रमाणे ‘दवाखान्यात या’ एवढंच सांगितलं तिथे २० टक्के. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२२ पासून स्वतः नमुना घेण्याचा पर्याय तपासणी कार्यक्रमातल्या सर्व स्त्रियांना खुला केला.

दुसरं उदाहरण ग्वामचं. पॅसिफिक महासागरातल्या या बेटावर सुपारी चघळण्याची सवय जुनी आहे. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं आहे. पण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर बसलेला तज्ज्ञ व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आखेल तो सिगारेटचा. ग्वाम विद्यापीठ आणि हवाई विद्यापीठाचं कॅन्सर केंद्र यांची २००३ पासून जोडी आहे. तिच्यातून सुपारी सोडवण्याचा खास कार्यक्रम तयार झाला आणि ग्वाम आणि सायपान बेटांवर त्याची रीतसर चाचणीही झाली. हा प्रश्न महत्त्वाचा आहे हे सांगायला बेटावरचंच कुणीतरी लागलं.

## ‘हे सगळं जनुकांमुळे नसेल कशावरून?’

काही भाग जनुकांमुळे आहे, आणि तो नाकारून उपयोग नाही. ट्रिपल निगेटिव्ह नावाचा स्तनांच्या कॅन्सरचा अवघड प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. कृष्णवर्णीय पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर होतोच जास्त, आणि अमेरिकेत त्यानं होणारे मृत्यू गोऱ्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट आहेत. पण माजी सैनिकांसाठी जी सरकारी रुग्णालयं आहेत, जिथे सगळ्यांना सारखाच प्रवेश आणि साधारण सारखाच उपचार मिळतो, तिथल्या रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या रुग्णांच्या मृत्युदरातली दरी तिथे जवळपास दिसेनाशी झाली होती. शरीरं तीच होती, बदलली होती ती व्यवस्था.

## ‘तपासण्या वाढवल्या म्हणजे झालं का?’

नाही, आणि हार्लेमच्या आकड्यातली गोम ती हीच. समजा, एखाद्या बाईचा मृत्यू २०२० मध्येच व्हायचा होता. गाठ २०१८ मध्ये सापडली तर ती निदानानंतर दोन वर्षं जगली, २०१४ मध्ये सापडली तर सहा वर्षं जगली. मृत्यू त्याच दिवशी, तरी ‘पाच वर्षं जगणाऱ्यां’च्या यादीत एक नाव वाढलं. म्हणून ३९ वरून ७० ही झेप सगळीच्या सगळी वाचलेल्या जिवांची मानता येत नाही. शिवाय मधल्या काळात औषधंही सुधारली होती. मृत्यू खरोखर कमी झाले का, हे पाहावं लागतं.

ते पाहिलं गेलं डेलावेअर राज्यात. २००१ नंतर तिथे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी, विमा नसलेल्यांना उपचारांचा खर्च आणि रुग्णालयांतून वाटाड्या नर्सेस, असं तिन्ही एकदम सुरू झालं. २००९ पर्यंत कृष्णवर्णीय आणि गोरे, दोघांचंही तपासणीचं प्रमाण ७४ टक्क्यांवर सारखं झालं. कृष्णवर्णीयांमधले या कॅन्सरचे मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले आणि गोऱ्यांच्या जवळ आले. कार्यक्रमाचा वर्षाचा खर्च सुमारे १० लाख डॉलर होता, आणि रोग टळल्यामुळे किंवा लवकर सापडल्यामुळे वाचणारे पैसे वर्षाला ८५ लाख डॉलर धरले गेले. नुसती तपासणी सुरू करून उपचाराची सोय केली नसती, तर हे झालं नसतं. सापडलेल्या रोगावर इलाजच परवडणार नसेल, तर रुग्णाला तो सांगून तुम्ही त्याच्या पदरात काय टाकलं?

## प्रयोग कुणावर होतो, हाही प्रश्न आहे

मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून केलेल्या चाचणीचं नाव या विषयात जगभर निघतं. साधारण दीड लाख स्त्रिया, आणि तपासणी करणाऱ्या जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या. साधन काय, तर व्हिनेगरसारखं पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड, जे लावल्यावर गर्भाशयमुखावरचा बिघडलेला भाग पांढरा दिसतो. १२ वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. त्याच अभ्यासात हातानं केलेल्या स्तनांच्या तपासणीचा फायदा सगळ्या वयांत ठाम दिसला नाही, पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास घटले. साधी माणसं नीट शिकवली तर काय करू शकतात, याचा इतका मोठा पुरावा फार थोड्या ठिकाणी आहे.

पण तुलनेसाठी निम्म्या स्त्रियांना माहिती दिली गेली, तपासणी नाही. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या तपासणीची अशीच चाचणी झाली, तिच्यातही असाच एक गट होता. संशोधकांचं म्हणणं, त्या काळी तिथे एरवी कुणाचीच तपासणी होत नव्हती, त्यामुळे कुणाचं काही काढून घेतलं नाही. टीकाकारांचं म्हणणं, तपासणीनं जीव वाचतात हे ठाऊक असताना हजारोंना नुसतं बघत बसणं योग्य नव्हतं, आणि मुंबईत संमती घेताना पुरेशी कल्पना दिली होती का, हेही संशयास्पद होतं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझं मत एवढंच की हा वाद निष्कर्ष आल्यावर परदेशी नियतकालिकांत होण्याऐवजी आराखडा ठरताना, त्या वस्त्यांतल्या बायकांसमोर व्हायला हवा होता. आराखड्याच्या बैठकीत त्यांच्या बाजूनं कुणी बसलं असतं, तर दुसऱ्या गटाला तपासणी कधी मिळणार, हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला असता.

## अनुदान संपल्यावर काय उरतं?

या भागीदाऱ्यांचं सर्वांत दुबळं अंग हे. अनुदान पाच वर्षांचं असतं, विश्वास बसायलाच तीन वर्षं जातात. प्राध्यापकाची नोकरी अनुदानानंतरही राहते, त्याच वस्तीतून नेमलेल्या वाटाड्याची जाते. मग लोकांच्या लेखी विद्यापीठ पुन्हा एकदा आलं, माहिती घेतली आणि गेलं. २०२५ मध्ये अनुदानं मुदतीआधीच थांबली, तेव्हा हा धक्का कितीतरी ठिकाणी एकदम बसला.

काही गोष्टी भागीदारीच्या आवाक्याबाहेरच्याही आहेत. विमा नसणं, रजा घेतली की पगार कापला जाणं, दवाखान्यापर्यंत बस नसणं, यांवर विद्यापीठ फार तर आकडे गोळा करून सरकारपुढे ठेवू शकतं.

वाटाड्याच्या बाबतीत एक वाट निघाली आहे. २०२४ पासून मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांचा सरकारी विमा, गंभीर आजारात वाट दाखवण्याच्या कामाचे पैसे देऊ लागला. हार्लेममध्ये सुरू झालेलं काम चौतीस वर्षांनी नेहमीच्या बिलात आलं. पण ही तरतूद गंभीर आजाराचं निदान झाल्यानंतरची आहे. निदानापर्यंत पोहोचण्याआधीचं काम, म्हणजे दार ठोठावणं, शंका ऐकून घेणं, न आलेल्या माणसाला पुन्हा बोलावणं, हे अजून बहुतांशी अनुदानाच्याच पैशावर चालतं, आणि २०२५ मध्ये कात्री लागली ती या कामाला.